डब्यावरचा बिल्ला

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांच्या डब्यावर कंपनीचा जुना बिल्ला का लटकतो? लगेच लिहायला बसले, कारण आजोबा ही हकीकत सगळ्यांना सांगत सुटलेत आणि दर वेळी त्यात माझी चूक थोडी वाढते.

तुम्हाला माहीतच आहे, मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचं थेरगावला डायलिसिस असतं. मशीनवर रक्तदाब उतरतो, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "त्या दिवशी सकाळची गोळी नाही. घरी आल्यावर बीपी मोजा, मग द्या." एरवी गोळी सकाळी सातला. मी जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई. तक्ता केल्याशिवाय मला चैन पडत नाही. सात वार, दोन रंग (हिरवा म्हणजे सकाळी सातला गोळी, लाल म्हणजे घरी आल्यावर), सुवाच्य इंग्रजी. फ्रिजवर चिकटवला.

"मास्तरीणबाई, परीक्षा कवा हाय?" आजोबांनी विचारलं.

"थट्टा नको. यात चूक व्हायला जागाच नाही."

पुढच्याच आठवड्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार होती, म्हणून सेंटरनं आम्हाला शुक्रवारी बोलावलं. शुक्रवारी सकाळी सातला मी शिस्तीत तक्ता पाहिला. शुक्रवार हिरवा. गोळी पुढे केली.

"आज जायचंय न्हवं?"

"अहो, शुक्रवार हिरवा आहे."

मला रिक्षा गाठायची घाई होती. त्यांनी मुकाट्यानं गिळली.

मशीनवर तासाभरात त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हाक मारली तर ओ नाही. सिस्टरनं पळत येऊन पलंगाची पायांकडची बाजू उचलली, सलाइन सोडलं. मी पर्स छातीशी धरून उभी. ती पाच मिनिटं आजोबा सांगताना गाळतात. मी गाळत नाही.

त्यांनी डोळे उघडल्यावर सिस्टरनं विचारलं, "आजोबा, सकाळी बीपीची गोळी घेतली होती?"

"व्हय."

"कुणी दिली?"

"शुक्रवारानं."

शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ पोट धरून हसले. मी रडता रडता हसले.

घरी आल्यावर आजोबांनी कपाटातून, ते पूर्वी कामाला होते त्या चाकणच्या कंपनीचा बिल्ला काढला. "शिफ्ट बदलली की वार बघत न्हाईत, मास्तरीणबाई. माणूस कामावर हाय का सुटलाय, एवढंच बघत्यात."

तेव्हापासून नियम त्यांचा. सेंटरचा फोन येऊन दिवस पक्का झाला की आदल्या संध्याकाळी बिल्ला डब्याच्या कडीत जातो. तो कडीत आहे तोवर आजोबा कामावर. डबा उघडायचा नाही. परत येऊन बीपी मोजलं की मी आकडा वाचते, आजोबा "सुटली कंपनी!" म्हणतात आणि बिल्ला स्वतःच्या हातानं काढतात. मला हात लावायची परवानगी नाही.

तक्ता मसाल्याच्या फळीवर उलटा अंथरला आहे. त्यावर हळदीचे डाग पडलेत. बिल्ल्यावरचा नंबर झिजून गेला, पण बिल्ला आहे. आणि आजोबा आहेत.