खुळखुळा पडू द्यायचा होता

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला एवढंच काम होतं: खेळणं हातातून सोडायचं. खेळण्यांची तपासणी बघणाऱ्या बाईंनी टेबलापलीकडून खूण केली. मी प्लॅस्टिकची बाहुली भिंतीवरच्या लाल रेघेपर्यंत उचलली, सोडली, आणि ती खाली पोचायच्या आत दुसऱ्या हाताने झेलली.

बाईंनी पुन्हा खूण केली. मी ती परत सोडली, या वेळी पडू दिली. बाहुली तोंडावर आपटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, काही नाही, मुंगी मेली."

आमची मुलगी तेव्हा नुकती बसायला लागली होती. दिवसभर कलंडायची आणि घरातलं प्रत्येक जण जमिनीवर थाप मारून तेच म्हणायचं. अशा घरातून आलेल्या माणसाचे हात आणि तोंड त्याच्या ताब्यात नसतात. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "मुंगीचं राहू दे. बाहुलीचं काय झालं ते सांग."

ही ऐंशीच्या दशकातली, अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यातली गोष्ट. कारखाना बाईंच्या धाकट्या भावाचा. पण कुठलं खेळणं बाहेर जाणार आणि कुठलं नाही, हे बाई ठरवायच्या. खेळणी कडाप्प्यावर पाडायची, वरून वजन सोडायचं, आणि मग चिरा, धारदार कडा, निखळून तोंडात जाईल असा एखादा तुकडा शोधत बसायचं. हे करता का, असं आमच्याकडे तरी कोणी विचारायला येत नव्हतं. बाईच स्वतःला विचारायच्या. खेळणं फुटलं की मला वाईट वाटायचं, त्या खूश व्हायच्या. "इथे फुटलं ना? बरं झालं."

त्या वर्षी दिवाळीसाठी नवा खुळखुळा काढला होता. पारदर्शक गोळा, आत रंगीत मणी. मालकांनी साच्यासाठी होतं नव्हतं ते घातलेलं. आम्ही तो रेघेवरून पाडून पाडून दमलो, खुळखुळा काही हरला नाही. बाईंनी पास केला.

त्याच रविवारी बाई घाटकोपरला आमच्याकडे मुलीला बघायला आल्या. रिकाम्या हाताने कशा येणार, म्हणून नव्या मालातला खुळखुळा आणला होता. बायकोने शिरा केला. मुलगी लोखंडी खाटेवर बसून खेळत होती. आमच्या शिक्षणाप्रमाणे तिने खुळखुळा पाडायला हवा होता. तिने तो घट्ट धरला आणि खाटेच्या दांडीवर आपटायला घेतला. पुन्हा पुन्हा, एकाच जागी, आनंदाने. गोळ्याचा सांधा उघडला आणि मणी गादीवर पसरले. मी मणी गोळा करायला धावलो. बायको मुलीकडे धावली, तोंडात बोट घातलं आणि एक हिरवा मणी बाहेर काढला.

बाईंनी शिऱ्याची बशी खाली ठेवली. "मी नुसता पाडून बघितला," त्या म्हणाल्या. "हिने आपटला."

सोमवारी त्या भंगारवाल्याकडून खाटेची दांडी घेऊनच कामावर आल्या. ती टेबलाला बांधली आणि पॅक झालेले खोके उघडायला लावले. त्या स्वतः आपटत होत्या. खुळखुळे एकामागून एक उघडत गेले. बाहेर टेम्पो उभा होता. मालक आले, मणी बघितले, आणि बराच वेळ समजावत राहिले की दुकानदार थांबणार नाहीत, सगळीच पोरं अशी खेळत नाहीत.

"ही खेळली," बाई म्हणाल्या.

"ताई, माझी वाट लागेल गं."

"तुझी लागली तर मी आहे ना रे. पोराच्या घशात मणी अडकला, तर तिथे कोण आहे?"

मालकांनी बाहेर जाऊन टेम्पो परत पाठवला.

दिवाळीचा धंदा गेला. भाऊबीजेला मालक बहिणीकडे जातात की नाही, याची आम्हा सगळ्यांना धाकधूक होती. गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात बाईंच्या हातच्या करंज्या होत्या, आणि आम्हाला वाटताना ते नव्या सांध्याबद्दल बोलत होते. सोल्युशनने चिकटवायच्या ऐवजी तापवून जोडायचा म्हणे. असा खुळखुळा दुकानात जाईपर्यंत थंडी पडली. मधल्या काळात बाईंनी तो दांडीवर इतका आपटला की मनगटाला पट्टी बांधून यायच्या, आणि मी विचारलं की म्हणायच्या, "दुसऱ्या हाताने आपटते."

त्यातला एक त्यांनी माझ्याजवळ दिला. मुलीने तो खाटेच्या दांडीवर मन भरेपर्यंत आपटला. मणी आतच राहिले. मग कंटाळून तिने तो खाली टाकला, आणि मी झेप घेऊन जमिनीच्या वीतभर वर झेलला.

"पडू द्या हो," आतून बायको म्हणाली. "बाईंनी पास केलाय तो. तुम्ही केला असतात तर मीच झेलला असता."