ग्रुप शांत झाला तेव्हा

साइटवरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप शांत झाला की आम्हा इंजिनियर लोकांना बरं वाटतं. ग्रुप शांत म्हणजे काम सुरळीत, असं आमचं गणित. एरवी तिथे दिवसभर भांडणं चालतात. आर्किटेक्ट म्हणतो, ड्रॉइंग परवाच पाठवलंय. प्लंबिंगवाला म्हणतो, मला मिळालंच नाही. स्ट्रक्चरवाले म्हणतात, भोक पाडण्याआधी आम्हाला विचारलंत का. आणि या सगळ्या धुमश्चक्रीत कोणीतरी सुप्रभातचं फूल टाकतो. मी बाळकुमच्या एका साइटवर ए टॉवरचं काम बघते. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटाला आमचा ग्रुप शांत झाला, नुसती फुलंच यायला लागली, तेव्हा मीही खूश झाले. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

त्याच्या थोडं आधी मी त्याच प्रकल्पातल्या बी टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला होता. घरात मी आणि आई, दोघीच. आमची कोपरीची खोली बाकी ठीक आहे, पण स्वयंपाकघराला खिडकी नाही. मागे हात लांब केला तर शेजारच्या बिल्डिंगची भिंत लागते. भर दुपारीही बल्ब लावल्याशिवाय आईला मीठ आणि साखर वेगळी ओळखता येत नाही. फोडणी दिली की आधी आई खोकते, मग मी, मग पलीकडच्या काकू. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या अंधारात स्वयंपाक करते आहे. घर घ्यायचं ठरलं तेव्हा तिने एकच मागितलं. "ओट्यासमोर खिडकी हवी गं. बाहेर काही दिसलं नाही तरी चालेल, उजेड आला पाहिजे." मी सगळी ड्रॉइंग्ज पालथी घालून तसा फ्लॅट शोधला. खिडकीतून येऊरचा डोंगरही दिसणार होता. हे आईला मी मुद्दाम सांगितलं नाही, तिथे गेल्यावर बघेल म्हणून.

मी कामाला लागले तेव्हा ड्रॉइंग्ज कागदावर यायची. साइट ऑफिसच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असायची. नवं आलं की जुन्यावर लाल 'रद्द'चा शिक्का बसायचा. चहाला आलेला सुतारसुद्धा मान वाकडी करून बघून जायचा. लपवायचं म्हटलं तरी जागा नव्हती. आता ड्रॉइंग फोनवर येतं, आणि ज्याला पाठवलं त्यालाच दिसतं.

बी टॉवर बघायचा तो इंजिनियर माझ्याच वयाचा. शहाडहून यायचा, आई लहानपणीच गेलेली, एकटा राहायचा, खानावळीचं खाऊन सारखं पोट धरून बसायचा. मी घरी बोलले, तर दुसऱ्या दिवसापासून आई दोन डबे भरायला लागली. त्याचं नाव तिच्या कधी लक्षात राहिलं नाही. ती त्याला शहाडवाला म्हणते. आमच्या बुकिंगची बातमी ऐकून त्याने माझ्या फोनवरून आईला सांगितलेलं, "काकू, तुमच्या किचनची खिडकी मी स्वतः उभा राहून बसवून घेणार. डब्याला जागायला नको?" आई आठवडाभर ते शेजारणींना सांगत होती.

दसऱ्याला साइटवर मशीनची पूजा असते. मिक्सर, क्रेन, लिफ्ट, सगळ्यांना धुऊन झेंडूच्या माळा घालतात आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडतात. आईला मी दसऱ्याला नेलं. तोवर आमच्या मजल्यावर मी स्वतःही पाऊल टाकलं नव्हतं, पहिल्यांदा तिच्याबरोबरच चढायचं ठरवलं होतं. डोक्यावर हेल्मेट, हातात आपट्याची पानं, आणि प्रत्येक मजल्यावर दम खात ती चढली. हॉल बघितला, छान म्हणाली. मग स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि सवयीने भिंतीवर हात फिरवत दिव्याचं बटण शोधायला लागली.

आत अंधार होता. खिडकीच्या जागी सरळसोट काँक्रीटची भिंत. वरच्या कोपऱ्यात एक झरोका, तोही आतल्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या बंद उभ्या बोळात उघडणारा.

मला वाटलं, कामगारांकडून चूक झाली. अशा चुका होतात, जुनं ड्रॉइंग बघून कोणी भलतीच भिंत उभी करतो. आईला हॉलमध्ये बसवलं, जिन्यात आले आणि त्याला फोन लावला. "अरे, तुझ्या माणसांनी घोळ घातलाय. माझी खिडकी बुजवली." त्याने फोन ठेवला. मग तो वर आला, कपाळावर पूजेचं गंध तसंच.

"घोळ नाही झालाय," तो म्हणाला. "फायरवाल्यांनी डक्ट मोठा करायला लावला. नवीन ड्रॉइंगप्रमाणेच आहे. ग्रुपवर आलेलं."

मी फोन काढला.

"त्या ग्रुपवर नाही."

"मग कुठल्या?"

तो रेलिंगच्या सळीला हात लावून उभा राहिला. "तू बुकिंग केलंस ना, तेव्हा साहेबांनी दुसरा ग्रुप केला. बोलले, ती आता कस्टमर झाली, तिला आतलं कळायला नको. प्लॅन बदलायला फ्लॅटवाल्यांची संमतीपत्रं यायचीत अजून. तुझ्या एकटीचं नाही गं, सगळ्यांचंच."

"तू आहेस त्या ग्रुपमध्ये?"

"आहे."

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून. मी बोललेलो साहेबांना, तिला सांगूया. नोकरीचं बघायला लागतं ना."

पावसाळ्याच्या आधीपासून. म्हणजे आईच्या आषाढातल्या तळणीच्या वेळी याला माहीत होतं. श्रावणातल्या नारळीभातालाही माहीत होतं. नवरात्रात आईचा उपास, तरी तिने याच्यासाठी वेगळी भाजी केली, ती खाताना माहीत होतं. माझ्या समोर बसून, बोटं चाटून हा जेवला, आणि समोरच्या टॉवरमध्ये याची माणसं माझी भिंत भरत होती.

डक्टवर माझा राग नाही. आग लागली तर आधी माणसं वाचली पाहिजेत, खिडकीचं नंतर. मला विचारलं असतं तर इंजिनियर म्हणून मीच सही केली असती आणि त्याच दिवशी दुसऱ्या बाजूचा फ्लॅट बदलून मागितला असता. तेव्हा त्या बाजूचे बरेच रिकामे होते. दसऱ्यापर्यंत एकही उरला नव्हता. एवढंसं कळवलं असतं तर आईला खिडकी मिळाली असती. गोष्ट फक्त एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "कस्टमर म्हणून तक्रार असेल तर कस्टमर केअरला मेल टाका. आणि इंजिनियर म्हणून, मॅडम, बी टॉवर तुमच्याकडे नाही." या माणसाने मला लेव्हल लावायला शिकवलं. माझ्या वडिलांच्या दिवसांना घरी येऊन गेला. त्या खोलीत बसून माझ्याशी तो अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलला. मी केबिनमधून बाहेर आले तेव्हा मला भयंकर एकटं वाटलं. इतकी वर्षं ज्यांना आपली माणसं म्हणत होते, त्या सगळ्यांनी मिळून एक दार लोटून घेतलं होतं आणि मी बाहेर फुलांच्या ग्रुपवर बसले होते.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. त्या जिन्यातून मी हॉलमध्ये परतले तेव्हा आई सिमेंटच्या गोणीवर बसली होती. आपट्याची पानं अजून हातातच. खिडकी होणार नाही हे मी तिला सांगितलं. तिने हातातली पानं सारखी केली. मग म्हणाली, "असू दे. सवय आहे." आणि मग, "त्या पोराला माहीत होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही. त्यालाही आजच कळलं."

का म्हटलं, कोण जाणे. एका दिवसात तिच्याकडून दोन्ही काढून घ्यायचं जिवावर आलं असावं. तिने सुटकेचा श्वास सोडला. खाली उतरल्यावर त्याला हाक मारून त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. त्याने वाकून नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं नाही.

आता संमतीपत्र माझ्या टेबलावर पडून आहे, मी सही केलेली नाही. बुकिंग रद्द करावं की नाही, रोज वेगळं ठरतं. आणि आई बल्ब लावून रोज दोन डबे भरते. तिला थांबवायचं तर खरं सांगावं लागेल. म्हणून ते दोन्ही डबे मीच उचलून बाळकुमला नेते. एक त्याच्या टेबलावर ठेवते, न बोलता. तो आता माझ्यासमोर जेवत नाही. संध्याकाळी डबा माझ्या खुर्चीवर असतो, घासून पुसून लख्ख. पूर्वी उष्टाच द्यायचा.

परवा आई तो डबा हातात फिरवून बघत म्हणाली, "शहाडवाल्याला चांगलं वळण लागलं हो. आईविना पोर, आपला लळा लागला त्याला."