विटकरी, पोपटी आणि नानांचा अंगठा

एकट्याला मधुमेह झाला की माणूस तोंड लपवतो. चौघांना झाला की क्लब होतो! आणि क्लब झाला की किस्से आलेच. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. पनवेलात आमचा असा क्लब होता. दर रविवारी सकाळी चौघं आपापली बाटली घेऊन आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या पडवीत हजर! काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर साखर नाही, शाबासकी. हिरवा, पिवळा, नारिंगी असं करत विटकरी झाला की डॉक्टरांच्या तोंडाचा पट्टा सुरू!

सदस्य चार. लेले मास्तर, गणिताचे. गफूरभाई, तांदळाचे व्यापारी. मिठागरवाले नाना म्हात्रे, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. आणि मी, कापडदुकानदार. त्यामुळे रंगाचा निकाल माझ्याकडे!

एकदा मास्तर हटूनच बसले. "हा निळाच आहे!"

म्हटलं, "मास्तर, हा पोपटी. मुलीच्या लग्नात घ्या, शोभेल. इथे नाही चालायचा!"

* * *

मास्तरांचं पथ्यही गणिती. एक लाडू खाल्ला की वर पेलाभर कारल्याचा रस.

"अधिक एक, उणे एक. बाकी शून्य!"

"मग नळी विटकरी का?" डॉक्टर.

मास्तरांनी जराही न डगमगता सांगितलं, "कारलं कोवळं होतं!"

* * *

गफूरभाईंना चालायला सांगितलं होतं. रोज पळस्प्याच्या नाक्यापर्यंत जायचे, अगदी नेमानं. तरी साखर हलेना. डॉक्टर चक्रावले. शेवटी एक दिवस मी मागोमाग गेलो, तर साहेब नाक्यावरच्या हॉटेलात जिलबी खात बसलेले!

"शेठ, चालत आलो ना? परत जायला ताकद नको?"

"परत चालत जाणार?"

"तौबा! एस.टी.नं. डॉक्टरसाबनी जायला सांगितलं, यायचं कुठं बोलले?"

* * *

नानांची गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. मिठागरात अनवाणी फिरताना उजव्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "साखर उतरली नाही तर मुंबईला नेऊन अंगठा काढावा लागेल."

पुढच्या रविवारी नानांनी बाटलीत विहिरीचं पाणी मिसळून आणलं. रंग फिका येईल म्हणून! नळी तरी पिवळीधमक.

"नाना, यात पाणी आहे," डॉक्टर म्हणाले.

"नाय वो! मी कशाला पानी घालू?... जरासं."

"तुमच्या विहिरीचं पाणी अख्खा गाव खारट म्हणतो. मग एवढी साखर आली कुठून?"

आम्ही पोट धरधरून हसलो. नाना सगळ्यांत मोठ्यानं. डॉक्टर खाली बसले, नानांचा पाय मांडीवर घेतला आणि पिशवीतून सुई काढली. नाना हसतच होते. सुई अंगठ्याला टोचलेली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता!

त्यांनी खाली बघितलं. मग कुणी हसलं नाही.

* * *

त्या दिवसापासून नाना बदलले. इंजेक्शन वेळेवर, भात मोजून, पाय रोज धुऊन-पुसून बघायचे. जखम हळूहळू सुकली, भरली, अंगठा वाचला! आणि त्यांच्या बायकोनं, सीतावहिनींनी, गौप्यस्फोट केला. "मी गावदेवीला नवस बोललेय. आंगठा वाचला तर यांच्या वजनाचा गूळ वाटीन!"

झालं! देवळासमोर मिठाची पोती तोलायचा काटा टांगला. एका पारड्यात नाना, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. नाना इतके उतरले होते की दोन ढेपी परत काढाव्या लागल्या. वहिनींना आनंद व्हावा की वाईट वाटावं तेच कळेना!

मग नाना स्वतः उभं राहून वाटायला लागले. देवीचा प्रसाद, नाही कसा म्हणणार? मास्तरांनी घेतला. गफूरभाई म्हणाले, "दोस्ताचा पाय वाचला, आज तरी तोंड गोड करणारच!" मी दोनदा घेतला. एकदा देवीसाठी, एकदा नानांसाठी. डॉक्टर कोपऱ्यात बसून बघत होते. एकालाही अडवलं नाही. तेव्हाच संशय यायला हवा होता!

नानांच्या अंगणात जेवणं उरकली आणि डॉक्टरांनी पिशवीतून दिवा, नळ्या आणि निळं औषध काढलं. "चला, एकेकानं मागच्या बाजूला जाऊन या!"

मास्तर नारिंगी. गफूरभाई विटकरी. माझा रंग असा, की जन्मभर कापड विकून मला त्याचं नाव सांगता येईना!

शेवटी नानांची नळी. उकळली, खदखदली. निळीशार!

नानांनी ती उन्हात धरून बघितली, मग आमच्याकडे बघितलं आणि काळजीनं डॉक्टरांना म्हणाले,

"डॉक्टर, माजं ऱ्हाऊ द्या. आदी या मंडळींचे आंगठे बगा!"