महिषासुराची पायवाट

लाहूला मी चार वर्षं शिकवलं. त्या चार वर्षांत त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी ऐकला नाही. एकदा शाळेच्या खिडकीची काच फुटली. कोणी फोडली, म्हणून मी वर्गात दरडावून विचारलं, तर लाहू उभा राहिला. त्याला तासभर व्हरांड्यात उभं केल्यावर कळलं, की काच सकाळी फुटली होती आणि लाहू त्या दिवशी शाळेत आला होता दुपारी.

"मग उभा कशाला राहिलास?"

"गुरुजी, तुम्ही कधीचे विचारत होता. कोणीच उठेना. वाईट दिसत होतं."

आज लाहू पन्नाशीला आला आहे. कासा गाव ओलांडून डोंगराच्या बाजूला त्याचा पाडा आहे. तिथे तो भात आणि नागली पिकवतो. व्हरांड्यात उभा होता तेव्हाचा स्वभाव तसाच राहिला. बाजाराची जीप खचाखच भरली आणि आणखी कोणी हात दाखवला, की लाहू आपली जागा देऊन खाली उतरतो आणि चालत घरी येतो. उसनी दिलेली शिडी आणायला जातो आणि गप्पा मारून, चहा पिऊन, शिडीशिवाय परततो.

हाच लाहू आमच्या बोहाड्यात महिषासुर होतो.

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. उन्हाळ्यात देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर नाचत येतात. शेवटच्या सकाळी देवी महिषासुराला मारते. तो पडला की उत्सव संपला. मग मुखवटे टोपल्यांत आणि माणसं आपापल्या घरी. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे आजे-पणज्यांपासून ठरलेलं आहे. महिषासुर लाहूच्या घराकडे, देवी त्याच्या शेजारच्या नविनच्या घराकडे. देवीचा मुखवटा चढवला की माणूस बोलत नाही. त्या वेळी तो देवी असतो आणि देवी कोणाशी वाद घालत नाही. राक्षसाला मात्र ओरडायची मुभा आहे. लाहूने ती मुभा पंचवीस वर्षं फार जपून वापरली. त्याच्या डरकाळीने मैदानाच्या कडेला बांधलेली बुधीबाईची शेळीसुद्धा चघळायची थांबत नसे.

आता पायवाटेचं सांगतो. लाहूच्या घरातून विहिरीवर जायची वाट नविनच्या शेताच्या कडेने जाते. म्हणजे जात होती. गेल्या वर्षी नविनने मिरची लावली आणि शेळ्यांनी ती खाल्ली, म्हणून त्याने तारेचं कुंपण घातलं. त्यात त्याची चूक नाही. चूक एवढीच, की वाटही कुंपणात गेली.

"पुढच्या आठवड्यात तिथे फाटक बसवतो," तो म्हणाला.

लाहू म्हणाला, "सावकाश बसव, दादा."

नविनने हे फारच मनावर घेतलं. वर्ष गेलं. पाड्यावर नळ उभे आहेत, पण पाणी अजून यायचं आहे. त्यामुळे लाहूची बायको काळी डोक्यावर हंडा घेऊन ओहळातून, दगडांवरून, लांबचा फेरा मारू लागली. तिचा उजवा गुडघा आधीच दुखरा.

"जाऊन बोल त्याच्याशी," काळी रोज म्हणायची.

लाहू रोज जायचा. मिरचीला औषध कोणतं मारलंस, मुलीचं नर्सिंग कुठवर आलं, सगळं बोलून यायचा.

"कुंपणाचं बोललास?"

"तो जेवत होता."

"काल?"

"काल झोपला होता."

"म्हणजे तो मेल्यावर बोलणार तू!"

बोहाडा संपायच्या आदल्या दिवशी काळी ओहळात घसरली. कोपर सोलवटलं, हंड्याला पोचा आला. ती लाहूला एक शब्दही बोलली नाही. लाहूला नेमकं तेच सोसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवी आणि महिषासुर मैदानात उतरले. ऊन मोहाच्या झाडापर्यंत आलं होतं. उत्सवाची सगळी व्यवस्था पाहणारे रघ्याबाबा काठी टेकून उभे होते. काळी पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारी तिने तो पोचा आलेला हंडा आणून ठेवला होता. देवीने तीन फेरे घेतले, तलवार उगारली, महिषासुराच्या मानेला टेकवली. संबळवाल्याने शेवटची थाप दिली.

महिषासुर पडला नाही.

संबळवाल्याला वाटलं आपलंच चुकलं. त्याने पुन्हा थाप दिली. देवीने पुन्हा तलवार टेकवली, जरा जोरात. महिषासुर पाय रोवून उभा. मुखवट्याच्या आतून नविन कुजबुजला, "अरे पड की! मला घाम फुटलाय." हे लाहूने मला नंतर सांगितलं. बाहेर आम्हाला ऐकू आली ती डरकाळी. खरी डरकाळी. बुधीबाईची शेळी दोर तोडून पळाली.

"माझ्या बायकोची वाट कुठे आहे?"

महिषासुराने देवीवर बोट रोखलं.

"वर्ष झालं! ती दगडांतून पाणी आणते! वाट मोकळी करतेस का नाही ते सांग, मग मी मरतो!"

मी शाळेत ही कथा कितीदा शिकवली असेल. देवांची बाजू सांगितली, शस्त्रांची नावं पाठ करून घेतली. राक्षसाचंही काही म्हणणं असेल आणि ते विहिरीच्या वाटेबद्दल असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

देवीची मोठी पंचाईत झाली. बोलायचं नाही, मुखवटा काढायचा नाही, आणि महिषासुर मेल्याशिवाय घरी जायचं नाही. सगळा पाडा बघतोय. चार-पाच मोबाइल वर झालेले. देवी इकडे वळली, तिकडे वळली. शेवटी मुखवटा हळूच खाली गेला आणि वर आला.

"दिसलं नाही," महिषासुर म्हणाला.

देवीने पुन्हा मान हलवली. या वेळी सगळ्यांना दिसलं.

लाहू असा धाडकन पडला, की संबळवाला थाप द्यायला विसरला.

मुखवटे उतरल्यावर नविन लालबुंद होता. "मी काही कबूल केलेलं नाही. मुखवटा जड आहे. मान आपोआप हलते."

रघ्याबाबांनी शांतपणे विचारलं, "दोनदा?"

"मुखवटा फार जड आहे."

"बरं. मग सांग, मान कोणी हलवली? तू का देवीने? तू हलवली असशील तर देवीच्या सोंगात तू आपलं माणूसपण घुसडलंस, त्याचा दंड पाड्याला जेवण. देवीने हलवली असेल तर वाट तिने मोकळी केलीय, आपण बोलणारे कोण?"

नविनने पाड्याकडे नजर फिरवली. जेवायला दीडशे माणसं होती.

"देवीने," तो म्हणाला.

आणि लाहू? तो नविनच्या मागे मागे जात म्हणत होता, "दादा, राग नको धरू. सावकाश काढ हं कुंपण. घाई नाही." काळीने त्याचा दंड धरून त्याला घरी नेलं, तेव्हा कुठे तो थांबला.

मी नंतर त्याला विचारलं, इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्या दिवशी कसं जमलं?

तो म्हणाला, "गुरुजी, एरवी मला सगळ्यांचे चेहरे दिसतात. कोणाला वाईट वाटेल, कोण हसेल. मुखवट्याच्या भोकांतून इकडचं तिकडचं काहीच दिसत नाही. समोर तलवार दिसली आणि तिच्यामागे काळीचा हंडा."

संध्याकाळी नविन तार कापायला आला. पक्कड लाहूचीच होती. ती सहा महिन्यांपासून नविनकडे होती. लाहूने खांब धरून दिले. चहासुद्धा झाला. काळी भरला हंडा घेऊन जाईल एवढी मोकळी जागा सोडली आणि दोन्ही बाजूंना तार पुन्हा ओढली. ती वाट आजही तशीच आहे.

परवा मी पाड्यावर गेलो तेव्हा लाहू आणि काळी विहिरीवर निघाले होते. कुंपणाच्या त्या जागेपाशी लाहू थांबला आणि त्याने हाक दिली, "नविनदादा, येऊ का?"

मिरचीतून कोणी उत्तर दिलं नाही. नविन डहाणूला बाजारात गेला होता. लाहू तसाच उभा राहिला, एक पाय अलीकडे, एक हात खांबावर.

मागून काळीने रिकाम्या हंड्याने त्याच्या पाठीला ढुशी दिली.

"चल पुढे, राक्षसा!"