मंगलचा डमी अर्ज

फजिती सांगतो, पण आधी एक कबूल करा. हसायचं तेवढं हसा, पण "पंडितभाऊ, चूक तुमचीच" असं कुणी म्हणायचं नाही. चूक माझी नव्हती. आजही नाही, उद्याही नसणार! हं, चहा घ्या, आता ऐका.

आमच्या चौसाळ्यात एक खटपटखाना आहे. पाटीवर नाव लांबलचक लिहिलंय, ते कुणी वाचत नाही. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात वेल्डिंगचं मशीन, लेथ, करवत, शिलाई मशीन आणि ते प्लास्टिकच्या वस्तू छापणारं यंत्र, असं सगळं मांडून ठेवलंय. सभासद व्हायचं, यायचं आणि पाहिजे ते आपल्या हातानं बनवायचं. कुणी कोळप्याला पातं जोडतो, कुणी लेकराला गाडी करून नेतो. माझी बायको मंगल तिथं सगळ्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करते. आणि मी? मी जातो, बसतो, सल्ला देतो. का, सल्ला लागत नाही का कामाला?

तर या खटपटखान्यात विश्वस्ताची एक जागा रिकामी झाली. ती सभासदांनी मत देऊन भरायची. झालं, माझ्या अंगात आलं! काहून येऊ नये? ग्रामपंचायतीला पडलो होतो, सोसायटीला पडलो होतो. स्टँडवर लोक मला तोंडावर "माजी उमेदवार" म्हणायला लागले होते! माझा जुना दोस्त बाळू, त्याला मी स्टँडवरच, दहा माणसांच्या देखत सांगून टाकलं, "ह्या बारीला पडलो ना बाळ्या, तर पुन्हा कंच्याच निवडणुकीला उभा ऱ्हाणार न्हाई!"

बाळू म्हणला, "लिवून दी बे."

दिलं नाही लिहून. पण शब्द गेला तो गेलाच.

आता अर्ज भरायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. छाननीत आपला अर्ज उडाला तर? म्हणून घरातल्याच माणसाचा दुसरा अर्ज टाकून ठेवायचा. डमी! आपला मंजूर झाला की डमीनं माघार घ्यायची. आमदारकीला करतात, कारखान्याला करतात. मग मी काय म्हणून करू नये? मंगलला म्हणलं, "हितं सही कर."

"कशाची?"

"डमीची. तुला काय करायचं न्हाई, नुसतं नाव ऱ्हातं."

तिच्या हाताला ग्रीस होतं. तिनं पदराला हात पुसले आणि सही केली.

खटपटखान्याचा लेथ रफिकभाई मिस्त्री चालवतात. निवडणूकही त्यांच्याकडंच. दोन अर्ज बघून ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले.

"पंडितभाऊ, हितं छाननी-बिननी काय न्हाई हो. वहीत नाव लिवायचं, बस. दुसरा अर्ज कशाला?"

"रफिकभाई," मी म्हणलं, "मला राजकारण शिकवू नका!"

"बरं बाबा. शनिवारी पाचच्या आत माघार घ्या म्हंजे झालं. वहिनीची सही लागंल."

शनिवार उजाडला. तिसरा अर्ज आलाच नाही! म्हणजे मी बिनविरोध! आयुष्यात पहिल्यांदा! माझा आनंद पोटात माईना. मी बीडहून फ्लेक्स करून आणला, 'बिनविरोध विश्वस्त पंडितभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुक म्हणून परत मीच. तो स्टँडवर बांधला, पंधरा माणसं दोन जीपांत कोंबली आणि मांजरसुंब्याला ढाब्यावर गेलतो. मटण काय झालं होतं म्हणता! बाळूनं भाषण केलं, मी भाषण केलं, ढाब्याच्या मालकालाही दोन शब्द बोलायला लावले.

तेवढ्यात फोन वाजला. रफिकभाई.

"पंडितभाऊ, साडेपाच झाले. माघारीचा कागद?"

हातातला नळीचा तुकडा हातातच राहिला! तसाच उठलो, जीप पळवत चौसाळ्याला आलो. मंगल पंपाचं झाकण बसवत होती.

"अगं, माघारीची सही केलीस का न्हाई?"

"कागद कुठं दिला तुमी? सकाळी म्हणलात, आणतो. मंग जीप घिऊन गेलात."

रफिकभाईंच्या हातापाया पडलो. ते म्हणाले, "नियम म्हंजे नियम. मला राजकारण येत न्हाई, वेळ तेवढी बघता येती."

म्हणजे आता लागली निवडणूक. उमेदवार दोन, नवरा आणि बायको! सांगा, यात माझं काय चुकलं? वेळ चुकली.

मी मात्र घाबरलो नाही. मंगल ना प्रचाराला जाणार, ना कुणाला मत मागणार. तिला तर निवडणूक आहे याचंही काही नव्हतं, ती आपली पंप खोलून बसलेली. उलट मला दुसराच घोर लागला. हिला एकही मत पडलं नाही तर? रफिकभाई भरसभेत वाचणार, "मंगलबाई, शून्य." माझ्या बायकोला शून्य? गाव काय म्हणेल? मला ते सहनच होईना, खरं सांगतो.

म्हणून मी बाळूला कोपऱ्यात घेतलं. "माझी मतं लई हायती. तू तुझं वहिनीला दे. कुणाला बोलू नको."

मग वाटलं, बाळूचा काय भरवसा? आणखी एकाला सांगितलं. मग चक्कीवाल्याला. मग फळवाल्या सलीमभाईंना. प्रत्येकाला एकच, "फक्त तुमालाच सांगतोय हं!" आणि ही सगळी माणसं इमानदार हो! त्यांनी आपापल्या माणसांना सांगितलं, "पंडितभाऊचा निरोप हाय, मत वहिनीला." दोन दिवसांत शेडात जो भेटेल तो मला हळूच डोळा मारायला लागला. मी समजलो, माझी लाट आहे.

पुढच्या रविवारी सकाळी मतदान. चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मी पेन उचललं. स्वतःचं नाव लिहिणार, तोच मनात आलं, ही माणसं शब्द पाळतील का? एवढी इज्जतीची गोष्ट दुसऱ्यांच्या भरवशावर कशी टाकायची? लिहिलं, 'मंगल'. घडी घातली, टाकली. एका मतानं माझं काय जाणार होतं?

रफिकभाई चिठ्ठ्या वाचायला लागले.

"मंगल वहिनी."

मी मनात म्हणलं, बरं झालं, शून्य टळलं.

"मंगल वहिनी. मंगल वहिनी. मंगल वहिनी."

दहाव्या चिठ्ठीला मी खुर्ची पुढं ओढली. विसाव्या चिठ्ठीला बाळू उठून बाहेर गेला. शेवटी रफिकभाईंनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "मंगल वहिनी सदतीस. पंडितभाऊ एक."

शेड हसून हसून फुटायची बाकी राहिली! सलीमभाई पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला, सोताचं तरी सोताला दिलं!" आणि मी हसलो. दुसरं काय करणार? ते मत माझं नव्हतं, हे सांगायलाही तोंड नव्हतं.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच. हा माझा एकुलता एक मतदार कोण? मंगल चहा टाकत होती.

"मंगल, ते एक मत कुणाचं आसंल गं?"

"माझं."

"तुझं? तू उमेदवार हायस! मला काहून दिलंस?"

तिनं चहा गाळला, कप पुढं सरकवला. "तुमी सगळ्या गावाला माझ्यासाठी सांगत हिंडलात. तुमच्यासाठी कोण हिंडणार व्हतं? म्हणलं, एक तरी पडू द्या बिचाऱ्याला."

आता हसताय ना? हसा! पण आजही मी छातीठोक सांगतो, असा प्रचार आख्ख्या बीड जिल्ह्यात कुणी केला नसेल. एकही माणूस फुटला नाही, एकही मत वाया गेलं नाही, मी सांगितलं ते लोकांनी केलं. सगळं एक नंबर झालं. फक्त त्या प्रचारात एक उमेदवार राहून गेला, आणि तो मीच होतो.