सोवळ्यातली साडी आणि वरचा मजला

मानवी हक्कांची यादी कुणी नव्याने लिहायला घेतलीच, तर 'वाळत घातलेला टॉवेल वाळण्याचा हक्क' हे कलम त्यात घालावं, अशी माझी नम्र सूचना आहे. गेले कित्येक दिवस आम्ही डोंबिवलीत ओल्या टॉवेलने ओलं अंग पुसतोय... कोण कुणाला कोरडं करतंय, ते ठरत नाही.

पूर्वी गणपतीपर्यंत पाऊस जरा दमलेला असायचा. हल्ली ऊन येतं, आपण कपडे बाहेर काढेपर्यंत थांबतं, आणि मग सर पाठवून देतं. मी घरून काम करतो, त्यामुळे हे कपड्यांचं खातं माझ्याकडे आलंय. बायको ठाण्याला ऑफिसला निघताना 'कपडे बघ' एवढंच म्हणते. बघून कपडे वाळत नाहीत, हे मी तिला अजून पटवू शकलेलो नाही.

त्यात वरच्या मजल्याची भर. आमच्या बरोबर डोक्यावर सुर्वे वहिनी राहतात. आमचे कपडे वाळत आले की नेमके त्यांचे धुऊन होतात, आणि ग्रिलबाहेरच्या दोरीवरून आमच्यावर ठिबकायला लागतात.

मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. 'काही सदस्य कपडे पिळण्याचा व्यायाम टाळत आहेत असे दिसते.' नाव कुणाचं नव्हतं... गरजही नव्हती. वहिनींनी खाली हात जोडलेला इमोजी टाकला, आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये आम्ही दोघंही मजल्यांचे आकडे वाचत उभे असतो.

असो. तर त्या दिवशीचं सांगतो. दुसऱ्या दिवशी गौरी जेवणार होत्या. आमच्याकडे तो स्वयंपाक आई करते, सोवळ्यातली साडी नेसून. ती साडी आदल्या दिवशी आंघोळ करून धुवायची, काठीने वाळत घालायची, आणि नेसेपर्यंत कुणी शिवायचं नाही. शिवलं, तर पुन्हा धुवायची.

गेल्या वर्षी ती वाळलीच नाही. आईने ओलीच नेसून पुरण वाटलं, आणि दिवाळीपर्यंत खोकत राहिली. आधीच दमा, त्यात हे. डॉक्टर तिला काही बोलले नाहीत... मला मात्र बरंच बोलले.

म्हणून यंदा सकाळी ऊन दिसल्याबरोबर आईने साडी काठीने बाहेरच्या दोरीवर घातली. 'लक्ष ठेव रे. ढग आले तर काठीनेच आत ओढ. हात लावू नकोस.' एवढं बजावून जेवल्यावर ती जरा आडवी झाली.

मी लक्ष ठेवलं. म्हणजे हेडफोन लावून, गॅलरीकडे पाठ करून, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलो.

मीटिंग रंगात आलेली असताना स्क्रीनवरच्या माझ्याच चौकोनात, माझ्या मागून, एक बाई धावत गॅलरीत गेलेली दिसली. हेडफोन काढेपर्यंत बाहेर धो धो सुरू झाला... आणि सुर्वे वहिनी कपड्यांचा भला मोठा गठ्ठा छातीशी धरून आत येतायत.

'भावोजी, ढग दिसले तशा वरून किती हाका मारल्या. बेल मारली. कानात काय बोळे घातलेत? दार लोटलेलं होतं म्हणून बरं.'

मी थँक्यू म्हणणार, तेवढ्यात गठ्ठ्यात आईची साडी दिसली. माझी नजर वहिनींनी पाहिली आणि त्यांनीही खाली पाहिलं. 'अगं बाई... ही आजींची उद्याची का?'

पाऊस काही थांबणारा नव्हता. साडी पुन्हा धुतली तर सकाळपर्यंत वाळणं अशक्य. म्हणजे आई ओली नेसणार, आणि पुन्हा तो खोकला... मी आवाज खाली आणून म्हटलं, 'वहिनी, काठीने आतल्या दांडीवर टाकून देऊ. आई झोपलीय. कोण सांगणारे तिला?'

'मी सांगणार,' वहिनी म्हणाल्या. 'गौरीचं आहे हे. आमच्याकडेही त्या येतात. खोटं नको.' आणि पुढे, 'त्यापेक्षा तुमचा मेसेज बरा. टोचला, पण खरा तरी होता.'

एवढ्यात आई उठून आलीच. वहिनींनी एका दमात सांगून टाकलं, 'आजी, मी शिवले साडीला. पावसाच्या घाईत बघितलंच नाही.' मी आईच्या तोंडाकडे बघत होतो, आणि एक डोळा धुण्याच्या बादलीवर.

आई झोपून उठलेली, अंगात साधा गाऊन... तशीच पुढे आली आणि साडीचा काठ बोटांत धरून चाचपला. मग पदर चाचपला. म्हणजे आता तीही शिवली होती. आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

'कोरडी आहे की गं.'

'थेंब लागू दिला नाही, आजी.'

'मग झालं तर. तू आली नसतीस तर पाऊस शिवला असता. तो कुठे सोवळ्यात येतो?' मग माझ्याकडे वळून, 'आणि तू रे... काठी जिथे ठेवली होती तिथेच दिसतेय.'

गौरी जेवल्या. आईने कोरड्या साडीत पुरण वाटलं, आणि आज आठवडा होत आला, ती खोकलेली नाही. नैवेद्यानंतरचं पहिलं ताट तिने वर पाठवलं. नेऊन द्यायचं काम अर्थात माझ्याकडे होतं. वहिनींनी ताट घेतलं, म्हणाल्या, 'आज कानात काही नाही वाटतं.'

काल सुट्टी होती. ड्रिल काढलं, आमच्या बाहेरच्या दोरीचे हूक उचकटले आणि ग्रिलच्या आत, वीतभर अलीकडे बसवले. चहा गार व्हायच्या आत काम झालं. जूनमध्ये हे करायचं सोडून मी मेसेज लिहीत बसलो... तो आता डिलीटही होत नाही.

वहिनींचे कपडे अजून ठिबकतात. पाणी आमच्या कपड्यांच्या पुढून सरळ खाली जातं. त्यांना मी काही सांगितलेलं नाही... ड्रिलचा आवाज वर गेलाच असेल.