जीप दगडांवर होती

सखाराम शाळेच्या पायरीशी आला तेव्हा मी तिसरीचे पाढे घेत होतो. सकाळची शाळा होती आणि ऊन नुकतंच चढायला लागलं होतं. सखाराम हा आमच्या गावातला सगळ्यात उंच माणूस, एरवी चालतो तेही सावकाश. त्या दिवशी मात्र त्याला धाप लागली होती. "गुरुजी, जीप काढा! बिगीनं काढा!" असं तो दारातूनच ओरडला. गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. कोणाची सून अडली, कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, खडीच्या कामावर कोणाच्या पायावर दगड पडला, की माणसं आधी जीपवाल्या शांतवनभाऊंच्या, म्हणजे गावच्या हवालदारांच्या, अंगणात धावत आणि ते नसले तर माझ्याकडे. मी सवयीनं खडू खाली ठेवला, हात झटकले आणि विचारलं, "कोणाला काय झालं?" सखारामनं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "हवालदारालाच छातीत कळ आलीया." आणि त्याच क्षणी आम्हा दोघांनाही आठवलं... जीप दगडांवर होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली, पोट उघडलेलं.

ती तशी का होती हे गावाला ठाऊक नाही. ते सांगावं म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. शांतवन ओहोळ यांना जाऊन आता सहा आठवडे होत आले. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत मोठमोठ्या माणसांवर लिहून येतं. शांतवनभाऊ त्या अर्थानं मोठे नव्हते. पण आमच्या पठारावरची निदान वीस-बावीस माणसं आज चालती-फिरती आहेत ती त्यांच्यामुळे, आणि ते स्वतः नाहीत याला मी थोडाफार कारण आहे. 'थोडाफार' हा शब्दही मी स्वतःला सांभाळून घेण्यासाठीच वापरतोय, हे मला कळतं.

पारनेर तालुक्याच्या ज्या कोपऱ्यात मी मास्तरकी करतो तिथे डांबरी रस्ता फाट्यापर्यंतच येतो. फाट्यापासून गाव दोन कोस. मधे ओढ्याचं रुंद पात्र, सगळी वाळू, आणि पुढे खिंडीचा चढ. शांतवनभाऊ लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षं होते, हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले. थोडी कोरडवाहू जमीन, चर्चजवळचं कौलारू घर आणि मार्थावहिनी, एवढा त्यांचा संसार. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर नगरला लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव झाला आणि हे गृहस्थ तिथून एक जीप घेऊन आले. 'घेऊन आले' म्हणजे फाट्यापासून दोन बैलजोड्या लावून ओढत आणली. इंजिन बंद, टप नाही, एक दिवा फुटलेला. अख्खं गाव बघायला लोटलं. "हवालदार, बैलं इकत घेतली असती तर गाडी फुकट मिळाली असती की!" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते शांतवनभाऊच.

जीपच्या खाली शिरता यावं म्हणून त्यांनी अंगणात पुरुषभर लांबीचा खड्डा खणला. ख्रिस्ती माणसाच्या दारात तसला खड्डा बघून दोन बायका रडव्या चेहऱ्यानं वहिनींकडे चौकशीला आल्या. भाऊ खड्ड्यातूनच म्हणाले, "पुरायची न्हाई बाई, उठवायची हाय हिला." त्यांची कामाची तऱ्हाच वेगळी होती. नट काढला की तो नारळाच्या करवंटीत जायचा. प्रत्येक भागाला वेगळी करवंटी, आणि ज्या क्रमानं उघडलं त्याच क्रमानं त्या पडवीत भिंतीशी ओळीनं मांडलेल्या. ओळीतली करवंटी हलवायची वहिनींनाही मुभा नव्हती. रविवारी प्रार्थना होईस्तोवर ते पान्याला हात लावत नसत. मी शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचो, कंदील धरायचो, नको तिथे सल्ले द्यायचो. शाळेचं एक मोडकं बाक मी त्यांना मागच्या बैठकीसाठी दिलं, तर ते म्हणाले, "सरकारी माल हाय गुरुजी, हापिसर आला तर त्यालाच ह्याच्यावर बसवून आनू."

पण ते बाक त्यांनी शेवटी आडवं लावलंच नाही. जीपचा मागचा भाग त्यांनी करवतीनं कापला आणि पत्रा जोडून दीड फूट वाढवला. मी विचारलं, इतकी लांबी कशाला? त्यांनी सखारामला बोलावलं, अंगणात बाजेवर आडवं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत फूटपट्टी लावली. सखाराम भेदरून म्हणाला, "मला काय झालंय हवालदार?" "तुला काय न्हाई झालं. पर तू मावला म्हनजे गावातलं कुनीबी मावल." तेव्हा मला कळलं की जीप कशासाठी आहे. त्या संध्याकाळी त्यांनी एकदाच, मान खाली घालून, सांगितलं. त्यांची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात अडली होती. तिला बैलगाडीतून नेत होते, खिंडीच्या अलीकडेच ती गेली. भाऊ तेव्हा पठाणकोटला, दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत होते. हे सांगून झाल्यावर ते पुन्हा करवत चालवायला लागले. मीही पुढे कधी तो विषय काढला नाही.

बहात्तरच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही, आणि दसऱ्याला जीप सुरू झाली. पहिल्या झटक्याला धूर इतका निघाला की लोक मागे सरले. पण मग ती ओढ्याच्या वाळूत उतरली आणि सरळ पलीकडे निघून गेली! जिथे बैल गुडघ्यापर्यंत रुतायचे तिथे ही चारही चाकांनी वाळू ओरबाडत गेली. मला अभिमान वाटला, जणू मीच बनवली होती. त्या दुष्काळात गावाशेजारी खडी फोडण्याचं काम निघालं. अपघात, उन्हाचे झटके, अडलेल्या बाया... जीपला उसंत नव्हती. आपण कधी गावाबाहेर असलो तर खोळंबा नको म्हणून भाऊंनी मला चालवायला शिकवलं. "तुमी पोरांला शिकवता तसंच शिकवतो, पर छडी न्हाई मारनार," असं म्हणायचे. एक गोष्ट मात्र त्यांनी दहा वेळा घोकून घेतली. मोठ्या गिअरशेजारी एक छोटा दांडा होता. तो ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळे. याला ते 'फ्रंट टाकणं' म्हणत. वाळू आली, चढ आला की फ्रंट टाकायचा. डांबरी लागली की काढायचा. "वाळूत चाकाला घसरायला जागा आसती. डांबरीवर न्हाई. मग पुढची चाकं न् मागची चाकं भांडत्यात, आन् त्यांचं भांडन गिअरचे दात खातं." मी मान डोलावली. मी मास्तर आहे, मला एकदा सांगितलेलं पुरतं, असा माझा समज होता.

मार्च महिन्यात भाऊ तापानं पडले असताना खडीच्या कामावरच्या एका बाईच्या पायाचा चेंदा झाला. मी एकटा जीप घेऊन निघालो. ओढा ओलांडला, खिंड चढलो, फाट्यावर आलो. फाट्यावरच्या हॉटेलात ओळखीची चार माणसं बसली होती. ती उठून उभी राहिली, कोणी म्हणालं, "गुरुजी, एकटंच?" मी एक हात उचलून नमस्कार केला. खोटं का सांगू, मला फार बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याच्या नादात मी फ्रंट काढायला विसरलो. नगरला जाऊन बाईला दवाखान्यात पोचवलं, तिचा पाय वाचला. येताना फाट्याच्या अलीकडच्या वळणावर खालून कुरकुर सुरू झाली. तेव्हा लक्षात आलं. दांडा पुढे सारला तर हलेना. दोन्ही हातांनी रेटला, शेवटी दगडानं ठोकला. खाडकन आवाज झाला आणि तो सुटला. पुढचे दोन कोस गाडी दळण दळल्यासारखी घरघरत आली.

भाऊ पडवीत घोंगडी पांघरून बसले होते. आवाज ऐकूनच उठले. त्यांनी फक्त विचारलं, "डांबरी लागल्यावर फ्रंट काढला हुता ना, गुरुजी?"

मी म्हणालो, "काढला होता."

एवढंच. पंधरा वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवणाऱ्या माणसानं हे उत्तर दिलं, आणि द्यायला पळभरही वेळ लागला नाही. भाऊंनी माझा शब्द मानला. फ्रंट काढलेला होता म्हणजे दोष गिअरच्या पेटीत नसणार, पुढच्या आसात असणार, असा त्यांनी हिशेब केला. अंगात कणकण असताना पुढची दोन्ही चाकं काढली, आस उघडला, एकेक बेअरिंग धुऊन उन्हात धरून पाहिलं. करवंट्यांची रांग पडवीच्या टोकाला पोचली. मी रोज जायचो, बसायचो, कंदील धरायचो... आणि गप्प राहायचो. रोज वाटायचं, आज सांगू. रोज वाटायचं, काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आता कसं सांगणार? एका संध्याकाळी ते खड्ड्यातून म्हणाले, "गाडी खोटं बोलत न्हाई, गुरुजी. हितं काय न्हाई म्हनजे न्हाई." अकराव्या दिवशी त्यांनी गिअरची पेटी उतरवली, उघडली, आत बोट फिरवलं. मग म्हणाले, "दात गेल्यात. नगरच्या भंगार बाजारात मिळंल." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला हायसं वाटलं. त्यांना कळलं नाही, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. सतरा वर्षं ज्यानं गाड्याच उघडल्या त्याला ते दात बघून कळणार नाही? पण माणसाला जे सोयीचं असतं तेच त्याला पटतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी सखाराम शाळेच्या पायरीशी आला.

आम्ही भाऊंना सखारामच्या बैलगाडीत घातलं. वहिनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, मी पायांशी. वाळूत गाडी रुतली तेव्हा मी उतरून चाकाला खांदा लावला. भाऊ शुद्धीवर होते. सखाराम बैलांना झोडपत होता, तर ते म्हणाले, "मारू नगंस. उपाशी हायत ती." खिंडीच्या चढाला त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, नगरला पोचलो की तेवढा गिअर बघा." मी हो म्हणालो. फाटा दिसायला लागला होता. डांबरीवरून जाणारा एक ट्रकही दिसत होता... पण आम्ही तिथे पोचायच्या आतच त्यांचे पाय माझ्या हातात गार झाले. त्यांच्या बहिणीपेक्षा ते एक खिंड तेवढी पुढे गेले. पुढे मी नगरच्या डॉक्टरांना विचारलं, तासभर आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी 'काही उपयोग नव्हता' असं म्हणावं म्हणून मी किती वेळ उभा होतो, हे त्यांना कळलं नसेल.

दफनविधीनंतर तीन आठवडे मी त्या अंगणाकडे फिरकलो नाही. शेवटी वहिनींनीच निरोप धाडला. गेलो तर त्या पडवीत उभ्या होत्या. "गुरुजी, करवंट्या कुनाला हलवू दिल्या न्हाईत मी. गाडी जोडून घ्या. परवा वस्तीवरली पोरगी अडली, पुन्हा बैलगाडीच जुपली." मी खाली बसलो आणि म्हणालो, "वहिनी, मी खोटं बोललो होतो. फ्रंट मी काढलाच नव्हता." त्यांनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "ठावं हाय मला. पेटी उघडली त्याच रातच्याला जेवताना सांगितलं त्यांनी." म्हणजे बैलगाडीत माझ्यासमोर बसल्या होत्या तेव्हा त्यांना हे माहीत होतं. आणि भाऊंनाही. मी विचारलं, "रागावले असतील..." वहिनी म्हणाल्या, "रागावलं हुतं की. म्हनलं, येवढा शिकलेला मानूस. मग बसलं हे करीत."

पडवीच्या कोपऱ्यात, पाचरीच्या शेगड्यात, म्हणजे लाकडी पकडीत, आवळलेली, वीतभर लोखंडी पट्टी होती. एका टोकाला भोक पाडलेलं, दुसरं टोक वाकवलेलं. खाली लोखंडाचा कीस तसाच पडला होता. वहिनी म्हणाल्या, "छोट्या दांड्याला लावायची म्हनत हुतं. फ्रंट टाकला की ही फिरून चालवनाराच्या गुडघ्याला टोचंल. गुरुजींचं ध्यान मानसांत आसतं, डोक्याला सांगून उपेग न्हाई, गुडघ्यालाच सांगावं लागंल, आसं म्हनलं. चार दिस तेच घाशीत हुतं."

गिअर मी आणि सखारामनं नगरच्या भंगारातून शोधून आणला. पारनेरच्या एका मिस्त्रीनं करवंट्यांची ओळ बघून कपाळाला हात लावला, पण त्याच ओळीनं सगळं जोडत गेला. गेल्या आठवड्यात जीप दगडांवरून उतरली. पट्टी मी माझ्या हातानं बसवली. फ्रंट टाकला की ती खरोखर फिरून गुडघ्याला लागते, आणि डांबरीवर आल्यावर दांडा पुढे सारेपर्यंत सुटका नसते.

ती बसवताना मी तिच्यावरून बोट फिरवलं. एक कड अजून धारदार आहे, तिच्यावर कानस फिरवायला त्यांना वेळ मिळाला नाही. दुसरी कड मात्र त्यांनी घासून घासून अगदी गोल, गुळगुळीत केली होती. तीच माझ्या गुडघ्याकडे येते.